क्षय, शोथ आणि आतड्याचे अस्तर : एका वैद्यकीय कल्पनेचा इतिहास

वाईहून पसरणीचा घाट चढून गेले म्हणजे पाचगणी लागते. दांडेघर, गोडवली, अमरळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधोमध, चार हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले हे स्थान जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्रांतिस्थान म्हणून नावारूपास आणले. महाबळेश्वरी पावसाळ्यात बाहेरच्या माणसाने राहणे कठीण. पाचगणीस बारमाही वस्ती करता येते. अशा या ठिकाणी १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. दक्षिणेस मिरजेजवळ डॉ. वॉनलेस यांच्या नावाने वसलेल्या वॉनलेसवाडीसही असेच आरोग्यधाम उभे राहिले. सातारा-सांगली या टापूतील वैद्यकाच्या इतिहासात ही दोन नावे टाळता येत नाहीत.

तथापि प्रस्तुत लेखाचा विषय या संस्थांचा इतिहास हा नव्हे. तेथे ज्या रोगावर उपचार होत त्याच्या नावातच एक प्रश्न दडलेला होता. शरीराचा क्षय होतो तो का होतो आणि कोणाकरवी होतो, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे चरण उजाडावे लागले, आणि मिळाले तेव्हा ते फुप्फुसापाशी न थांबता आतड्याच्या अस्तरापर्यंत जाऊन पोहोचले. प्रस्तुत लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा आहे, वैद्यकाचा नव्हे. परंतु या इतिहासात शब्दांनी विचारांना कोठे वाट दाखविली आणि कोठे चकविले, हे पाहण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकासही असावा.

प्रथम नावांकडे पाहू. अमरकोशात क्षय, शोष आणि यक्ष्मा हे पर्यायशब्द म्हणून एकत्र येतात. ‘राजयक्ष्मा’ या नावाची उपपत्ती चरकसंहिता चंद्राच्या कथेने देते : रोहिणीवर आसक्त होऊन इतर पत्नींची उपेक्षा करणाऱ्या सोमराजास हा रोग प्रथम जडला, म्हणून तो राजाचा यक्ष्मा. कथेत चंद्राची कोर झिजते हे जितके काव्यमय आहे, तितकेच चरकाचे पुढील निदान रोकडे आहे. साहस, वेगांचे धारण, धातुक्षय आणि विषमाशन अशी चार कारणे सांगून तो म्हणतो की, या रोग्याने खाल्लेले अन्न धातूंना न पोसता बहुतांशी मळात जाते. म्हणून राजयक्ष्म्याच्या रोग्याचा मळ विशेष काळजीने राखावा, कारण त्याचे उरलेसुरले बळ त्यावरच टिकून असते. छातीचा म्हणून ओळखला जाणारा रोग आतड्यात हरतो किंवा जिंकतो, ही जाणीव या उपदेशात स्पष्ट आहे. सुश्रुताने आमाशय आणि पक्वाशय यांच्या दरम्यानच्या ‘पित्तधरा’ नामक कलेस ‘ग्रहणी’ म्हटले. म्हणजे धरून ठेवणारी. आतड्याच्या अस्तरास याहून नेमके नाव क्वचितच मिळाले असेल.

आरोग्यधामांच्या काळी रोगाचे कारण कळलेले होते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला होता. परंतु जंतू सापडल्याने क्षयाचा, म्हणजे झिजण्याचा, उलगडा झाला नाही. मूठभर जंतूंनी माणसाचे मांस आणि मेद खाऊन टाकावे हे हिशेबात बसत नव्हते. जंतू शरीर ‘खातो’ ही बोलण्याची रीत झाली. तिच्यामागे यंत्रणा कोणती हे कोणास सांगता येत नव्हते. उपचार होता तो विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार यांचा, आणि प्रगतीचे माप होते तराजू. रोग्याचे वजन वाढले की डॉक्टरच्या मुद्रेवर समाधान दिसे, घटले की चिंता. क्षयाला क्षयानेच मोजण्याचा हा प्रकार होता.

या रोग्यांना आणखी एक भय असे. थुंकी गिळली गेल्यास जंतू पोटात उतरून आतड्यात व्रण करीत. विशेषतः लहान आतडे जेथे मोठ्यास मिळते त्या सांध्याच्या जागी. जुलाब सुरू झाले की वजनाचा काटा भराभर खाली येई. पोटाचा क्षय हा शब्दप्रयोग आपल्याकडे आजही रूढ आहे. नेमक्या याच सांध्यावर दुसरा एक रोग बसतो, हे पाश्चात्त्य वैद्यकाच्या लक्षात आले तेही याच सुमारास. ग्लासगोचे शल्यवैद्य केनेडी डॅल्झील यांनी १९१३ मध्ये, म्हणजे बेल-एअरची स्थापना झाल्यानंतरच्या वर्षी, आतड्याच्या अशा एका शोथाचे वर्णन केले की जो दिसावयास क्षयासारखा, पण ज्यात क्षयाचा जंतू मिळत नाही. १९३२ मध्ये न्यूयॉर्कचे क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी त्याचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केले. आज तो क्रोनचा रोग म्हणून ओळखला जातो. जंतू नसताना आतड्याचे अस्तर का ढासळावे, हा नवा प्रश्न जुन्या प्रश्नाच्या शेजारी येऊन बसला.

यानंतर इतिहासाने एक वळण घेतले. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. पाठोपाठ इतर औषधे आली. मद्रास येथील क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५९ मध्ये आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाटीवाटीच्या घरात, बेताच्या आहारावर राहून औषधे घेणारा रोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, असे त्यातून दिसले. साऱ्या जगातील आरोग्यधामांचा आधार या एका प्रयोगाने काढून घेतला. बेल-एअर पुढे इंडियन रेडक्रॉस सोसायटीकडे गेले आणि त्याचा विसाव्या शतकाच्या अखेरीपासून एचआयव्हीबाधितांच्या शुश्रूषेसाठी उपयोग होऊ लागला. रोग औषधांनी बरा होऊ लागल्यावर शरीर का झिजते हे विचारण्याची निकड उरली नाही. प्रश्न सुटला नव्हता. तो बाजूस ठेवला गेला होता.

तो पुन्हा उचलला गेला तो क्षयाच्या निमित्ताने नव्हे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील अँथनी सेरामी हे आफ्रिकेतील गुरांना होणाऱ्या एका परोपजीवी रोगाचा अभ्यास करीत होते. रोग लागलेल्या सशांच्या शरीरात परोपजीवी थोडे, पण झीज अफाट, असे त्यांना आढळले. म्हणजे पाचगणीच्या तराजूवरचेच कोडे येथे पुन्हा उभे राहिले. त्यांनी तर्क केला की झीज परोपजीवी घडवीत नाही. त्याला प्रत्युत्तर म्हणून शरीरच असा एक पदार्थ सोडते की ज्याने ती घडते. या पदार्थास त्यांनी ‘कॅकेक्टिन’ म्हटले. ग्रीक भाषेत ‘काकोस’ म्हणजे वाईट आणि ‘हेक्सिस’ म्हणजे स्थिती. या दोहोंपासून झिजण्याचे जे वैद्यकीय नाव झाले त्यावरून हे घडविले. मराठीत त्यास ‘क्षयकारी’ म्हटले तर चालेल.

दुसरीकडे, १९७५ मध्ये लॉइड ओल्ड आणि एलिझाबेथ कार्स्वेल यांच्या गटाने उंदरांच्या रक्तद्रवात अर्बुदाच्या गाठी मारणारा एक पदार्थ शोधला होता. त्यास ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, संक्षेपाने टीएनएफ, असे नाव मिळाले. हे उंदीर आधी बीसीजीने, म्हणजे क्षयाच्या लशीतील जंतूने, बाधित केलेले होते, हा योगायोग ध्यानी ठेवण्याजोगा आहे. १९८५ मध्ये सेरामी यांचे तरुण सहकारी ब्रूस बॉयटलर यांनी कॅकेक्टिन शुद्ध केले आणि ते व टीएनएफ एकच पदार्थ असल्याचे निष्पन्न झाले. पुढे हाच पदार्थ शोथाच्या अग्रभागी असतो हेही सिद्ध झाले.

येथे क्षणभर थांबून आपल्या दोन शब्दांकडे पाहावे. ‘शोष’ हा शुष् धातूपासून आला, सुकणे या अर्थाचा. ‘शोथ’ हा श्वि धातूपासून, सुजणे या अर्थाचा. व्युत्पत्तीने त्यांचा संबंध नाही आणि अर्थाने ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांस उभे आहेत. सुकणारे शरीर आणि सुजणारा अवयव ही एकाच पदार्थाची दोन कामे असू शकतील, असे दोन्ही शब्द हजारो वर्षे वापरणाऱ्या कोणासही सुचले नसते. झिजेचा सारा भार टीएनएफवर टाकता येत नाही, तिच्यात इतर पदार्थांचाही वाटा आहे, हे पुढे दिसून आले. परंतु शत्रू शरीर खातो ही कल्पना मात्र तेव्हापासून मागे पडली. शरीर स्वतःच्याच निरोपाने झिजते, ही नवी कल्पना तिच्या जागी आली.

निरोप म्हटला की ऐकणारा आलाच. टीएनएफ हा पेशींनी पेशींना पाठविलेला संकेत आहे. ‘संकेत’ हा शब्द आज आपण सिग्नल या अर्थी वापरतो, पण न्याय आणि व्याकरण या शास्त्रांत संकेत म्हणजे शब्द आणि अर्थ यांच्यामधला ठराव. ठराव असूनही अर्थ प्रसंगानुसार बदलतो, हे सांगण्यासाठी आपले वैयाकरण ‘सैंधव’ शब्दाचे उदाहरण देत. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशचा घोडाही. जेवावयास बसलेल्या धन्याने सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासास निघालेल्याने मागितले तर घोडा. ऐकणाऱ्याने प्रकरण न ओळखता पाटापाशी घोडा आणून उभा केला तर दोष शब्दाचा नव्हे. टीएनएफचे तंतोतंत असेच आहे. हे एकच प्रथिन काही पेशींना लढण्यास सांगते, काहींना जगण्यास आणि काहींना मरण्यास. कोणता अर्थ घ्यावयाचा हे ऐकणाऱ्या पेशीच्या आतील यंत्रणा ठरविते.

ही यंत्रणा उलगडण्यास पंचवीस वर्षे लागली. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन सापडले. ते जनुकांना जागे करणारे प्रथिन आहे. टीएनएफचा निरोप आला की ते केंद्रकात शिरते आणि शोथाची जनुके चालू करते. म्हणून काही काळ त्यास शोथाचा कारभारी मानले गेले. १९९६ मध्ये बाल्टिमोर यांच्यासह एकाहून अधिक गटांनी त्याची दुसरी बाजू दाखविली : एनएफ-कप्पा-बी काढून घेतलेली पेशी टीएनएफचा निरोप मिळताच मरते. मिशो आणि चॉप यांनी २००३ मध्ये या दोन वाटांचा क्रम लावून दिला. निरोप पेशीच्या पृष्ठावरील ग्राहीवर येताच आतील बाजूस प्रथिनांची एक सभा भरते. ती नीट भरली तर ‘जग’ असा निर्णय होतो आणि पेशी स्वतःच्या रक्षणाची प्रथिने तयार करू लागते. सभा मोडली तर तेच सभासद, विशेषतः रिपके-१ हे प्रथिन, पेशीच्या अंतर्भागात दुसरी सभा भरवतात आणि तेथे मृत्यूचा निर्णय होतो. हा मृत्यूही दोन प्रकारचा. कॅस्पेज-८ हे एंझाइम कामावर असेल तर पेशी आटोपशीरपणे आवरून गळून पडते. ते अडविले गेले असेल तर रिपके-३ पुढे सरसावते आणि पेशी फुटते. तिच्यातील माल बाहेर सांडतो व त्याने आसपास शोथ भडकतो.

मृत्यूची ही जोडवाट निसर्गाने का ठेवली असावी, याचे एक कारण संभवते. अनेक रोगजंतू पेशीत शिरून जगण्याची यंत्रणाच बंद पाडतात. प्लेगजंतूच्या कुळात असे करणारे एक प्रथिन प्रसिद्ध आहे. जगण्याचा निर्णय अडला की मृत्यूचा निर्णय आपोआप व्हावा, ही अशा घुसखोरावरची तोड आहे. घर गेले तरी चोर आत सापडावा, असा हा हिशेब.

आता आतडे. त्याचे अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. अलीकडील मोजणीनुसार प्रौढ माणसाच्या पचनमार्गाचे आतील क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरते. पूर्वीच्या पुस्तकांत सांगितले जाई त्याहून पुष्कळ कमी, पण एका थरासाठी काही थोडे नव्हे. या थराच्या एका बाजूस असंख्य जंतू आणि दुसऱ्या बाजूस रक्त व रोगप्रतिकारक पेशी. तीन ते पाच दिवसांत तो बहुतांशी नवा होतो. खोबणींच्या तळाशी जन्मलेल्या पेशी अंकुरांच्या टोकापर्यंत सरकतात आणि तेथून गळून पडतात. जेथे मरण नित्याचे आहे तेथे अवेळी मरण आले तर ते कोण ओळखणार आणि कसे थोपविणार, हा प्रश्न इतर कोणत्याही अवयवापेक्षा आतड्यात अधिक बिकट होतो.

त्याचे उत्तर देणारे प्रयोग प्रामुख्याने जर्मनीत झाले. मनोलिस पास्पाराकिस यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांच्या केवळ आतड्याच्या अस्तरातून ‘नेमो’ हे प्रथिन काढून टाकले. एनएफ-कप्पा-बी जागे करण्यास नेमो आवश्यक असते. तेव्हाचा साधा अंदाज असा की शोथाचा कारभारीच हटविल्यावर शोथ कमी व्हावा. घडले उलट. अस्तरातील पेशी मरू लागल्या, त्या भगदाडांतून जंतू आत शिरले आणि मोठ्या आतड्यास तीव्र शोथ झाला. त्या उंदरांतून टीएनएफचा ग्राहीही काढला तेव्हा मात्र शोथ टळला. म्हणजे निरोप पोहोचत होता, पण त्याचा जगण्याचा अर्थ लावणारे कोणी उरले नव्हते. उरला तो मृत्यूचा अर्थ. शोथ घडविणारी म्हणून जिची ख्याती, तीच यंत्रणा अस्तराची राखणदार ठरली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील निर्णायक प्रयोग हाच होय.

२०११ मध्ये याच गटाने ‘फॅड’ हे प्रथिन, आणि एर्लांगेन येथील गटाने कॅस्पेज-८, आतड्याच्या अस्तरातून काढले. आटोपशीर मृत्यूची वाट अशी बंद होताच पेशी फुटण्याच्या वाटेने मरू लागल्या. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, खोबणींच्या तळाशी राहून जंतुनाशक द्रव्ये स्रवणाऱ्या पानेथ पेशी विशेषकरून नष्ट झाल्या. क्रोनचा रोग बसतो तोही बहुधा याच भागात; आणि एर्लांगेनच्या संशोधकांना क्रोनच्या रोग्यांच्या तेथील पेशींत रिपके-३ वाढलेले आढळले. माणसाची साक्षही पुढे मिळाली. नेमो सदोष असलेल्या मुलांत आतड्याचा शोथ आढळतो. आणि रिपके-१ जन्मतः नसलेल्या मुलांतही तो दिसतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रिपके-१ मारते, तसेच तारतेही.

परिभाषेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण हा विषय मराठीत लिहू जाणाऱ्यास पावलोपावली अडखळावे लागते. ‘पेशी’ म्हणजे सुश्रुताच्या लेखी मांसाचा पुंजका, आणि शरीरात त्या पाचशे. हिंदीने तो अर्थ राखला; मराठीने पेशी हा शब्द सेलला दिला आणि मांसपेशीला ‘स्नायू’ म्हणून मोकळी झाली. पाचगणीच्या पायथ्याशी, वाईस, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश सिद्ध झाला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्यात ‘कोशिका’ आणि ‘पेशी’ दोन्ही आढळतात, आणि ‘शोथ’ शब्दापुढे ‘दाहयुक्त सूज’ असा खुलासा येतो. हा खुलासा मला फार प्रामाणिक वाटतो : जुना शब्द घ्यावयाचा, पण वाचकास एकटे सोडावयाचे नाही.

आटोपशीर पेशीमृत्यूस कर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. अ‍ॅबर्डीन विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी ते सुचविले. त्याचा अर्थ पाकळ्या किंवा पाने गळणे. मराठी लेखनात यास कित्येकदा ‘पेशींची आत्महत्या’ म्हटले जाते. हा शब्द टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे. आत्महत्येत निर्णय एकट्याचा असतो; येथे निरोप शेजाऱ्याकडून येतो आणि त्याचा अर्थ एका सभेत ठरतो. पानगळीला झाडाची आत्महत्या कोणी म्हणत नाही. आटोपशीर मृत्यूस ‘पेशीगळ’ आणि दुसऱ्या प्रकारास ‘पेशीफूट’ असे साधे शब्द योजावेत. ते कोणत्याही शेतकऱ्यास समजतील.

हा वाद केवळ शब्दांचा नाही, हे उपचारांच्या इतिहासावरून दिसते. टीएनएफला अडविणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोनच्या रोगासाठी संमत झाले. अनेकांचे व्रण त्याने भरले. परंतु जोसेफ कीन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे औषध घेतल्यानंतर क्षय उद्भवलेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. फुप्फुसात क्षयाच्या जंतूंभोवती प्रतिकारक पेशींचा जो कोट उभा असतो तो टीएनएफच्या निरोपावर टिकतो. हा निरोप न पोहोचणारे उंदीर क्षयाने मरतात, हे जोआन फ्लिन यांनी १९९५ मध्येच दाखविले होते. निरोप थांबला की कोट ढासळतो आणि वर्षानुवर्षे निपचित पडलेला जंतू बाहेर पडतो. उलटपक्षी निरोप अति झाला तरी अनर्थच. मूळच्या बडोद्याच्या ललिता रामकृष्णन यांनी २०१३ मध्ये झेब्रा माशांवरील प्रयोगांनी दाखविले की टीएनएफचा अतिरेक झाला असता रिपके-१ आणि रिपके-३ यांच्याच वाटेने प्रतिकारक पेशी फुटतात आणि जंतू मोकळे होतात. आतड्यात शोथ भडकविणारी पेशीफूट आणि क्षयाच्या कोटातील पेशीफूट एकाच साखळीच्या कड्या निघाल्या.

ज्या देशात क्षय उरला नाही तेथील डॉक्टरास यातून फारसा पेच पडत नाही. आपल्याकडे पडतो. सातारा किंवा सांगलीच्या एखाद्या रुग्णालयात पोटदुखी, ताप आणि घटलेले वजन घेऊन रोगी येतो. दुर्बिणीने पाहता लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर व्रण दिसतात. तुकडा काढून तपासला तरी जंतू दरवेळी सापडतोच असे नाही. व्रण क्षयाचा असेल आणि तो क्रोनचा समजून टीएनएफ अडविला, तर जंतूला वाट मोकळी करून दिल्यासारखे होते. व्रण क्रोनचा असेल आणि क्षयाची औषधे महिनोन्‌महिने देत राहिले, तर तेवढ्या काळात आतडे आकसत जाते. म्हणून आपल्याकडे असा प्रघात पडला आहे की शंका उरल्यास प्रथम क्षयाची औषधे सुरू करावयाची, रोग्याचे वजन पाहत राहावयाचे, आणि दोनतीन महिन्यांनी दुर्बीण पुन्हा आत घालून व्रण भरला आहे की नाही ते पाहावयाचे. भरला नसेल तर टीएनएफ अडविण्याचा विचार तेथून पुढे, आणि तोही शरीरात कोठे निपचित क्षय नाही याची खात्री करून घेतल्यानंतर.